खेळात घालविलेले आयुष्य

जुलै २०२४ मध्ये वेल्समधील रे रिअर्डन हे वयाची ९१ वर्षे पूर्ण करून निवर्तले. स्नूकर या खेळाचे ते सहा वेळा जगज्जेते झाले होते: १९७० साली एकदा, १९७३ ते १९७६ अशी सलग चार वर्षे आणि शेवटी १९७८ साली, वयाच्या पंचेचाळिशीत. मनुष्य गेला म्हणजे त्याच्या आयुष्याचा जमाखर्च मांडण्याची रीत सर्वत्रच आहे. शिक्षक गेला तर त्याचे विद्यार्थी मोजले जातात. वैद्य गेला तर बरे झालेले रोगी त्याची आठवण काढतात. शेतकरी गेला तर त्याने राखलेली जमीन दाखविता येते. परंतु ज्याने आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे हिरव्या कापडावरून बावीस चेंडू इकडून तिकडे ढकलण्यात घालविली, त्याच्या जमेच्या बाजूस काय लिहावयाचे?

हा प्रश्न आम्ही थट्टेने विचारीत नाही. आपल्या घराघरांतून मुलांच्या कानी पडणारे 'अभ्यास सोडून खेळत बसलास' हे वाक्य वरवर साधे दिसते. पण त्याच्या पोटात एक संपूर्ण नीतिशास्त्र दडलेले आहे. काम तेवढे खरे आणि खेळ ही काम संपल्यावर मिळणारी सवलत, असे ते नीतिशास्त्र सांगते. सवलतीचा उपभोग मर्यादेत घ्यावा. तिच्यावर आयुष्य उभारू नये. हे म्हणणे खोडून काढणे वाटते तितके सोपे नाही. म्हणूनच ते एखाद्या खऱ्या आयुष्यावर घासून पाहावे असे आम्हांस वाटते. आणि त्यासाठी रिअर्डन यांच्या आयुष्याइतके कठोर उदाहरण क्वचितच सापडेल. कारण या माणसाने एक नव्हे तर दोन निर्विवाद उपयुक्त व्यवसाय सोडून हा निरुपयोगी व्यवसाय पत्करला.

दक्षिण वेल्समधील ट्रेडेगर हे कोळशाचे आणि लोखंडाचे गाव. तेथे १९३२ साली एका खाणकामगाराच्या घरी रिअर्डन यांचा जन्म झाला. आठव्या वर्षी काकाने मुलाच्या हाती खेळाची काठी दिली. दहाव्या वर्षापासून तो गावातील कामगारांच्या संस्थेत जाऊन नेमाने सराव करू लागला. चौदाव्या वर्षी माध्यमिक शाळेत जाण्याची संधी आली असता ती नाकारून हा मुलगा वडिलांच्या मागोमाग टी ट्रिस्ट नावाच्या खाणीत उतरला. तेथे तो हातांत पांढरे मोजे घालून कोळसा उपसत असे. कारण संध्याकाळी टेबलाशी उभे राहावयाचे तर बोटे शाबूत हवीत. कोळशाच्या खाणीत पांढरे मोजे! इतर काही माहीत नसते तरी या एका गोष्टीवरून त्या मुलाचे मन कोठे गुंतले होते ते कळले असते. १९५० पासून १९५५ पर्यंत लागोपाठ सहा वर्षे वेल्सचे हौशी विजेतेपद त्यांच्याकडे राहिले. पुढे कुटुंबासह ते इंग्लंडातील स्टोक-ऑन-ट्रेंट येथे गेले, तेथील फ्लॉरेन्स खाणीत काम करू लागले, आणि १९५७ साली छत कोसळून तीन तास दगडांखाली गाडले गेले. त्या तीन तासांकडे आम्ही पुढे वळणारच आहोत. नंतर खाण सोडून ते पोलीस झाले. त्या नोकरीतही धैर्याबद्दल त्यांची प्रशंसा झाली. १९६४ साली इंग्लंडचे हौशी विजेतेपद मिळाले आणि १९६७ साली, पस्तिशी गाठल्यावर, पोलिसाची नोकरी सोडून त्यांनी खेळ हाच व्यवसाय केला.

आता दुसरे एक नाव शेजारी मांडू, म्हणजे प्रश्नाची धार नीट कळेल. रिअर्डन यांच्या आधी पस्तीस वर्षे, १८९७ साली, त्याच ट्रेडेगरमध्ये अन्यूरिन बेव्हन जन्मास आले. तेही खाणकामगाराचेच पुत्र. तेही कोवळ्या वयात, १९११ साली, त्याच टी ट्रिस्ट खाणीत उतरले. त्यांनी गावातील कामगार संस्थेच्या ग्रंथालयात बसून स्वत:ला घडविले, कामगारांचे पुढारी झाले, पार्लमेंटात गेले. आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मजूर सरकारात आरोग्यमंत्री या नात्याने त्यांनी ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. रोग्याच्या खिशात पैसा आहे की नाही हे न पाहता त्याच्यावर उपचार व्हावेत, हे तिचे तत्त्व. ते तत्त्व त्यांनी पुस्तकांतून घेतले नव्हते. ट्रेडेगरच्या कामगारांनी मजुरीतून थोडेथोडे पैसे कापून देऊन आपली एक वैद्यकीय साहाय्य संस्था पूर्वीपासून चालविली होती. आपल्या गावाने जे केले तेच साऱ्या देशाने करावे, एवढाच बेव्हन यांचा आग्रह होता.

एकच गाव, एकच खाण, कामगारांची एकच संस्था. तिच्या ग्रंथालयातून एकजण निघाला आणि त्याने कोट्यवधी लोकांच्या आजारपणातील भय कमी केले. तिच्याच टेबलांपाशी दुसरा घडला आणि त्याने लाल चेंडूमागून काळा चेंडू पिशवीत घातला. दोघांना एका तराजूत घालावे काय? आणि घातले तर दुसऱ्याचे पारडे हवेतच लोंबकळत राहणार नाही काय?

रिअर्डन यांच्या बाजूने सामान्यत: तीन उत्तरे दिली जातात. ती एकेक करून तपासू.

पहिले उत्तर व्यवहारी माणसाचे. खेळाने त्यांना पैसा आणि कीर्ती मिळवून दिली. मग तो निरुपयोगी कसा? हे उत्तर फार दूर नेत नाही. एखादी गोष्ट बाजारात विकली जाते यावरून ती विकत घेण्यासारखी आहे असे सिद्ध होत नाही. शिवाय ट्रेडेगरमध्येच क्लिफ विल्सन नावाचा रिअर्डन यांच्याहून थोडा धाकटा खेळाडू होता. १९५० नंतरच्या काही वर्षांत या दोघांचे सामने पाहण्यास गावातील सभागृह गच्च भरत असे. रिअर्डन गाव सोडून गेल्यावर विल्सन यांचा खेळ सुटला; पोलादाच्या कारखान्यात काम करण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली. पुढे ते पुन्हा टेबलाकडे वळले आणि १९७८ साली, ज्या वर्षी रिअर्डन यांनी शेवटचे जगज्जेतेपद मिळविले त्याच वर्षी, विल्सन हौशी खेळाडूंचे जगज्जेते झाले. पैशाने खेळाची किंमत ठरत असेल तर त्या भरल्या सभागृहात दोघांनी खेळलेले सामने कवडीमोलाचे ठरतील. आणि ते पाहणाऱ्या खाणकामगारांनी ही गोष्ट कधीही मान्य केली नसती.

दुसरे उत्तर सुखाचे. रिअर्डन यांच्या खेळाने हजारोंना, पुढे लाखोंना आनंद दिला. १९६९ साली बीबीसीने दूरचित्रवाणीवर स्नूकरची एक छोटी स्पर्धा सुरू केली. चित्रवाणीला नुकतेच रंग आले होते आणि रंगीत चेंडूंचा हा खेळ त्यासाठी सोयीचा होता. ती पहिली स्पर्धा रिअर्डन यांनीच जिंकली. तेव्हापासून अर्धवट काळोखी सभागृहांतला हा खेळ घरोघर पोहोचला. इंग्लंडातील उपयुक्ततावादाचे जनक बेंथॅम यांनी म्हटले होते की, पूर्वग्रह बाजूस ठेवला आणि मिळणारे सुख सारखेच असले, तर पोरांचा टाचण्यांचा खेळ आणि काव्य यांची किंमत सारखीच धरावी लागेल. त्यांचेच शिष्य मिल यांना हे मानवले नाही. सुखातही उच्च आणि नीच अशा प्रती आहेत असे त्यांनी पुढे प्रतिपादन केले. आमच्या मते या वादात दोघांच्याही हातून एक गोष्ट सुटली. दोघेही खेळाकडे पाहणाऱ्याच्या खुर्चीतून पाहतात. खेळणारा मनुष्य टेबलाशी वाकलेला असतो तेव्हा तो सुख भोगीत नसतो. तो अतिशय कष्टात असतो. १९७५ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या अंतिम सामन्यात एडी चार्ल्टन यांना जिंकण्यासाठी केवळ दोन डाव हवे होते. ते २९–२३ असे पुढे होते. तेथून रिअर्डन यांनी लागोपाठ सात डाव घेतले; मग चार्ल्टन यांनी बरोबरी साधली आणि शेवटचा, एकसष्टावा डाव घेऊन रिअर्डन ३१–३० असे जिंकले. या खटाटोपाला सुख हा शब्द लावणे म्हणजे शब्दाची ओढाताण आहे. असे असूनही ते दुसरीकडे कोठे असण्याची त्यांची इच्छा नव्हती, हे मात्र निश्चित.

तिसरे उत्तर आपल्या शाळामास्तरांच्या आवडीचे: खेळाने शील घडते. धीर, संयम, पराभव पचविण्याची ताकद हे गुण माणूस मैदानावर शिकतो आणि मग संसारात वापरतो. रिअर्डन यांच्या बाबतीत हे म्हणणे मोहक वाटते. त्यांचा खेळ होताच तसा. चेंडू घालण्याची घाई नाही. मार्ग दिसत नसेल तर पांढरा चेंडू दुसऱ्या चेंडूच्या आड नेऊन ठेवावयाचा आणि प्रतिस्पर्ध्याच्या चुकीची वाट पाहावयाची. परंतु त्यांच्याच काळातील ॲलेक्स हिगिन्स यांचे उदाहरण समोर ठेवले की हे उत्तर ढासळते. हिगिन्स १९७२ साली आणि पुन्हा १९८२ साली जगज्जेते झाले. १९८२ च्या अंतिम सामन्यात त्यांनी रिअर्डन यांनाच १८–१५ असे हरविले. त्यांच्या हातात विलक्षण कसब होते. पण मद्याने आणि जुगाराने त्यांच्या आयुष्याचा जो नाश केला तो जगाने पाहिला. तोच खेळ, तेच टेबल, तेच नियम. पण शील घडविण्याचा कारखाना तेथे चालला नाही. शिवाय या उत्तरात आणखी एक दोष आहे. खेळ चांगला तो दुसऱ्या कशाच्या तरी उपयोगी पडतो म्हणून, असे म्हटले की आपण पुन्हा उपयोगाच्याच दारात जाऊन उभे राहतो. मग चांगला पोलीस होण्यासाठी खेळावे, आणि पोलीस झाल्यावर खेळ सोडावा, असा निष्कर्ष निघेल. रिअर्डन यांनी तर नेमके उलट केले.

तिन्ही उत्तरे अपुरी पडली म्हणून आता त्या तीन तासांकडे वळू. १९५७ साली फ्लॉरेन्स खाणीत छत कोसळले आणि सव्वीस वर्षांच्या आतला हा तरुण दगडमातीखाली सापडला. हालचाल करणे शक्य नव्हते. आणि शक्य असते तरी ती घातक ठरली असती. बाहेरचे सोबती दगड उपसून त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत निश्चल पडून राहणे एवढेच हाती होते. त्या अवधीत मन थाऱ्यावर राहावे म्हणून त्यांनी काय केले? पुढे त्यांनी स्वत:च सांगितले की, आपल्या तान्ह्या भावाबरोबर आपण मनातल्या मनात गोट्या खेळत राहिलो. एक डाव संपला की दुसरा, असे कितीतरी डाव.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. या माणसापाशी त्या वेळी काहीच उरले नव्हते. हात नव्हते, प्रकाश नव्हता, पुढचा दिवस उगवेल याची खात्री नव्हती. ज्या कामासाठी तो तेथे उतरला होता ते कामच त्याच्या छातीवर येऊन पडले होते. अशा वेळी उपयोगाच्या साऱ्या गोष्टी गळून पडतात, कारण उपयोग नेहमी पुढच्या कशासाठी तरी असतो आणि तेथे 'पुढे' म्हणून काही उरलेले नसते. जे स्वत:साठीच असते तेवढेच तेथे टिकते. त्याच्या मनात टिकला तो एका लहान मुलाबरोबरचा गोट्यांचा खेळ. एखादा म्हणेल की, म्हणजे खेळ अखेर उपयोगीच पडला. त्याने प्राण वाचविले. आम्हांस हे खरे वाटत नाही. प्राण वाचविले ते फावडी घेऊन आलेल्या सोबत्यांनी. खेळाने राखले ते निराळेच काहीतरी: दगडाखाली पडलेला तो केवळ एक अडकलेला देह न राहता रे रिअर्डन नावाचा, कोणाचा तरी भाऊ असलेला मनुष्य राहिला. प्राण आणि मनुष्यपण यांतला हा भेद ज्याला पटला त्याला आमचे पुढचे म्हणणे पटण्यास अडचण पडू नये.

उपयोग ही एक साखळी आहे. कोळसा कशासाठी? भट्टीसाठी. भट्टी कशासाठी? पोलादासाठी. पोलाद कशासाठी? रुळांसाठी, पुलांसाठी, यंत्रांसाठी. आणि ती कशासाठी? अखेर माणसे जगावीत म्हणून. आणि माणसांनी जगावे ते कशासाठी? पुन्हा कोळसा काढण्यासाठी, असे उत्तर दिले तर साखळी स्वत:भोवतीच वेटोळे घालते आणि त्या वेटोळ्यात मनुष्य घुसमटतो. कोठेतरी अशी कडी यावी लागते की जिच्यापुढे 'कशासाठी' हा प्रश्न विचारणेच व्यर्थ ठरते. स्नेह ही तशी कडी आहे, ज्ञानाची ओढ ही तशी आहे, भक्ती तशी आहे. आणि खेळही तसाच आहे. जर्मन कवी शिलर यांनी १७९५ साली लिहिलेल्या पत्रांत, मनुष्य खेळतो तेव्हाच तो पूर्णार्थाने मनुष्य असतो, असा विचार मांडला. आपल्याकडे ब्रह्मसूत्रांनी तर सृष्टीच्या निर्मितीलाच लीला म्हटले. पूर्णकामाला निर्मितीचे दुसरे प्रयोजन असू शकत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. तुकोबांनी हुतुतू, विटीदांडू, फुगडी असे पोरांचे खेळ अभंगांत आणले. ती रूपके आहेत हे खरे. पण परमार्थासाठी रूपक निवडताना त्यांना बाजारातील सौद्याइतकाच गल्लीतील खेळही जवळचा वाटला, हे आपण विसरतो.

या दृष्टीने पाहिले म्हणजे बेव्हन आणि रिअर्डन यांच्यातील विरोध मावळतो. बेव्हन यांनी रोग्याला बरे करण्याची सोय केली. बरे होऊन त्याने काय करावे? केवळ पुन्हा खाणीत उतरावे? खाणमालकाला तेवढेच हवे होते. कामगाराचे आरोग्य त्याच्या हिशेबी यंत्राला तेल घालण्यासारखे होते. ट्रेडेगरच्या कामगारांचा विचार तसा नव्हता. त्यांच्याकडे दोनच वस्तू अपुऱ्या होत्या: पैसा आणि वेळ. तरी त्या अपुऱ्या मजुरीतून त्यांनी दवाखाना चालविला, ग्रंथालय चालविले आणि खेळाची टेबलेही राखली. टेबले ही चैन आहे, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. चैनीवर आपलाही हक्क आहे, कारण आपण केवळ कोळसा काढण्यासाठी जन्मास आलो नाही, हे त्यांना कळले होते. त्या संस्थेच्या छपराखाली पुस्तक आणि चेंडू एकत्र नांदले याचे आम्हांस नवल वाटत नाही. दोन्हींची मागणी एकाच भुकेतून आली होती.

येथे या खेळाच्या जन्माची हकीकत आठवते. ती आपल्याच भूमीवरील आहे. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत पावसाळ्यात कंटाळलेल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी बिलियर्डच्या टेबलावर जादा रंगीत चेंडू मांडून हा खेळ तयार केला. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने त्याला स्नूकर हे नाव दिले. लष्करी विद्यालयातील नवशिक्या पोरांना थट्टेने हा शब्द लावीत असत. म्हणजे ज्यांना वेळ घालविणे जड जात होते त्यांनी हा खेळ काढला, आणि ज्यांना वेळ मिळणे कठीण होते त्या खाणकामगारांनी तो आपलासा केला. रिकामपण आणि फुरसत यांतला भेद याहून स्पष्ट कोणता दाखविता येईल? रिकामपण माणसावर लादले जाते. फुरसत त्याने कमावलेली असते. छावणीत जो वेळ मारण्याचा उपाय होता तोच ट्रेडेगरमध्ये वेळ जगण्याचा मार्ग झाला. आपल्याकडेही पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यास हौशी बिलियर्डचे जगज्जेते झाले, आणि १९६४ साली पुन्हा झाले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळविणारे ते स्वतंत्र भारताचे पहिले खेळाडू म्हणून ओळखले जातात. साहेबांच्या क्लबातील या टेबलापाशी एक भारतीय जगज्जेता म्हणून उभा राहिला, तेव्हा त्याचा उपयोग काय असे कोणी विचारले नाही.

आता आमच्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप. रिअर्डन खाणीतून बाहेर पडले तेव्हा कोळसा निघावयाचा थांबला नाही. कोणीतरी दुसरा खाली उतरला. १९१३ साली वेल्समधील सेंगेनिद येथील खाणीच्या स्फोटात ४३९ खाणकामगार मेले. त्यांच्यातही कोणाच्या हाताला कसब असेल, कोणाच्या गळ्यात सूर असेल. ज्याच्या अंगी विशेष गुण तो सुटला, आणि बाकीचे खालीच राहिले, ही कसली नीती? खेळ हे जीवनाचे साध्य असेल तर ते मोजक्या भाग्यवंतांच्या वाट्यास का यावे?

हा आक्षेप आम्ही टाळू इच्छीत नाही, आणि तो पूर्णपणे निवारता येतो असेही आम्ही म्हणणार नाही. पण तो नीट पाहिला म्हणजे कळते की त्याचा रोख खेळावर नाही. तो समाजाच्या वाटणीवर आहे. खाणीत तिघे उतरत असतील आणि एकालाच वर येऊन खेळता येत असेल, तर उपाय त्या एकाला परत खाली ढकलणे हा नव्हे. तिघांच्याही कामाचे तास कमी करणे, तिघांचेही छप्पर भक्कम करणे हा आहे. बेव्हन यांचे आयुष्य याच कामी गेले. तरीही जो वर आला त्याच्यावर एक ऋण राहते, हे मान्य केलेच पाहिजे. टेबल त्याने बांधले नव्हते. ज्यांची बोटे कोळशाने काळी झाली त्यांच्या पैशांतून ते आले होते. दगडांखालून तो स्वत:च्या बळावर निघाला नव्हता. फावडी दुसऱ्यांच्या हातांत होती.

हे ऋण फेडावयाचे कसे? खेळाडूने खेळ सोडून परोपकाराला लागावे असे आम्ही म्हणत नाही. ज्यात ऋण झाले त्यातच ते फेडले जाते. पहिली फेड म्हणजे खेळ खोटा न करणे. धर्मराजाने द्यूतात राज्य लावले, भाऊ लावले, शेवटी पत्नी लावली. तेथे फासे तेच राहिले पण खेळ मेला, कारण ज्यांनी पणाला संमती दिली नव्हती अशी माणसे त्यात ओढली गेली. दुसऱ्याच्या आयुष्याच्या मोलाने खेळलेला खेळ हा खेळ नव्हे. दुसरी फेड म्हणजे हरण्याची तयारी. १९८२ साली पन्नाशीला टेकलेले रिअर्डन अंतिम सामन्यात हरले. त्यानंतर उतार लागला, आणि तरी १९९१ पर्यंत ते व्यावसायिक म्हणून खेळत राहिले. जो केवळ जिंकण्यासाठी खेळतो तो उतार लागताच निघून जातो. हे राहिले. तिसरी फेड सर्वांत मोठी: जे मिळाले ते पुढे देणे. २००४ साली रॉनी ओसलिव्हन या अत्यंत वेगवान आणि तितक्याच चंचल खेळाडूचे ते मार्गदर्शक झाले. बहात्तरीकडे झुकलेल्या या वृद्धाने त्याला चेंडू घालण्यास शिकविले नाही. त्यात शिष्य गुरूहून पुढेच होता. त्यांनी त्याला थांबण्यास शिकविले: मार्ग नसेल तेव्हा पांढरा चेंडू सुरक्षित जागी नेऊन ठेवणे आणि वाट पाहणे. त्या वर्षी ओसलिव्हन जगज्जेते झाले. पुढे २०२२ साली वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी पुन्हा ते पद मिळविले, तेव्हा सर्वांत वयस्क जगज्जेता हा रिअर्डन यांचा १९७८ पासूनचा मान शिष्याकडे गेला. गुरूने तो पाहिला. आपल्या विद्येने आपलाच विक्रम मोडलेला पाहणे यात जे समाधान आहे, ते गाण्याच्या घराण्यांतून आपल्या परिचयाचे आहे.

जमाखर्चाच्या वहीत शेवटी काय लिहावयाचे? आम्ही असे लिहू: या माणसाने उपयुक्त कामे केली, खाणीत आणि पोलिसांत, आणि ती प्रामाणिकपणे केली. पण ज्यासाठी माणसे उपयुक्त कामे करतात ती गोष्ट त्याने अधिक प्रामाणिकपणे केली. बेव्हन यांच्याहून त्याचे पारडे जड असे आम्ही म्हणत नाही. दोन पारड्यांत तोलावे असे ते दोघे नाहीतच. एकाने दार उघडले. दुसरा त्या दारातून बाहेर पडून अंगणात खेळला. कोणी खेळणारच नसेल तर दार उघडण्याचे श्रम कोणासाठी करावयाचे?

आणि हे सारे केवळ वेल्समधील एका खेळाडूपुरते नाही. आपल्याकडेही दिवसभर राबून आलेला मनुष्य संध्याकाळी चौकातल्या दिव्याखाली कॅरमच्या पाटाशी बसतो, आणि आपण जाता जाता 'रिकामटेकडे लोक' असे म्हणून मोकळे होतो. आपल्या गावांतून दवाखाने व्हावेत, वाचनालये व्हावीत, यासाठी आपण वर्गणी मागतो. खेळण्याच्या जागेसाठी मागताना मात्र आपली जीभ अडखळते. ट्रेडेगरच्या खाणकामगारांची ती अडखळली नाही. पुढच्या खेपेस कोणा पोराला खेळातून उठविण्यापूर्वी आपण एवढे आठवावे की, चौदा वर्षांच्या एका मुलाने कोळशाच्या अंधारात पांढरे मोजे घातले होते. तो कामचुकार नव्हता. आपल्या हातांना कोळसा उपसण्यापलीकडेही काही आहे, एवढेच त्याने विसरू दिले नाही. स्वत:लाही, आणि ते मोजे पाहणाऱ्या सोबत्यांनाही.